आधार हवा, अडसर नको

बंगळूरच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या रस्त्यावर होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. सतराव्या शतकात हा प्रदेश शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत होता. आजही या परिसरात मराठी बोलणारी कुटुंबे आढळतात. बंगळूर शहर वाढत गेले, तसे होसकोट्याचे रूप पालटले. आसपास कारखाने उभे राहिले आणि जमिनीला मोल आले. तरुण मंडळी कामानिमित्त दिवसभर बाहेर असतात किंवा दूर राहतात. वृद्ध आईवडील मात्र जुने घर सोडण्यास तयार नसतात. अशा वेळी त्यांची काळजी कशी घ्यावी?

काळजी घेणे म्हणजे वृद्धांच्या हातातील सर्व कामे काढून घेणे नव्हे. वापर थांबला की स्नायू दुबळे होतात आणि तोल जाण्याची भीती वाढते. म्हणून काम बंद करण्याऐवजी त्या कामातील धोका दूर करावा.

वृद्धांना घरात मोठा धोका असतो तो पडण्याचा. खुब्याचे हाड मोडल्यास पुन्हा पूर्वीसारखे चालणे अनेकांना जमत नाही. न्हाणीघरातील ओली फरशी, उंच उंबरठा, सरकणारी सतरंजी आणि रात्रीचा अंधार ही पडण्याची नेहमीची कारणे आहेत. न्हाणीघरात व शौचालयात भिंतीला पक्का दांडा बसवावा, फरशी खरखरीत ठेवावी, झोपण्याच्या खोलीपासून शौचालयापर्यंत मंद दिवा लावावा. रोजची भांडी हाताशी येतील अशी ठेवावीत. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या काही औषधांनी चक्कर येते. तसे झाल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. डोळ्यांची तपासणीही वेळोवेळी करून घ्यावी.

स्वावलंबनाचा दुसरा आधार म्हणजे स्वतःचे घर व पैसा. बँकेचे पुस्तक आणि जमिनीची कागदपत्रे आईवडिलांच्याच ताब्यात असावीत. मुलांच्या नावे बक्षीसपत्र करायचे असल्यास ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह आणि कल्याणासाठी २००७ साली कायदा झाला. त्याच्या कलम २३ नुसार, अशी अट पाळली गेली नाही तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. सांभाळ न करणाऱ्या मुलांकडून निर्वाहखर्च मिळावा, यासाठीही तेथे अर्ज करता येतो. कर्नाटकात उपविभागाचे सहायक आयुक्त हे काम पाहतात. ज्येष्ठांना माहिती व मदत मिळावी म्हणून १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक २०२१ पासून देशभर उपलब्ध आहे.

दांडा कोठे बसवावा, मदतीला कोणास ठेवावे, पैसा कसा खर्च करावा, हे सारे आईवडिलांना विचारूनच ठरवावे. वय वाढले म्हणून माणसाचा निर्णयाचा अधिकार संपत नाही. तो अधिकार जपणे हाही सेवेचाच भाग आहे.