शिराझच्या सालीतली मिरी

नारायणगावहून नाशिकला जाणारा रस्ता अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेरवरून जातो. नारायणगाव आणि नाशिक ही महाराष्ट्रातल्या वाइननिर्मितीची दोन नामांकित ठिकाणं. मूळचं फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातलं शिराझ हे काळं द्राक्ष आता नाशिककडच्या मातीत चांगलं रुजलं आहे.

या द्राक्षाच्या वाइनचं लेबल झाकून ठेवलं, तरी सरावलेलं नाक अनेकदा तिला ओळखतं. खूण असते काळ्या मिरीच्या वासाची. वाइनमध्ये मिरी कुणी घातलेली नसते, पण तो वास भासही नसतो. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचा रेणू हुडकून काढला. त्याचं नाव रोटंडोन. मिऱ्याला मिऱ्याचा वास देतो, तोच हा रेणू! मिरवेल आणि द्राक्षवेल यांचं जवळचं नातं नाही. तरी दोघींनी तो आपापल्या फळात घडवला.

तो लागतो तरी किती? लिटरभर लाल वाइनमध्ये एका ग्रॅमचे 16 अब्जांश असला, तरी कळतो. आणि गंमत अशी, की साधारण पाचातल्या एका माणसाला त्याचा वास जवळजवळ येतच नाही. म्हणजे एकाच पेल्याबद्दल दोघांचं मत वेगळं पडलं, तरी दोघंही खरंच बोलत असतात.

हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास आला, तर संशय काबर्ने सोविन्याँवर जातो. त्यामागे पायराझिन नावाचे रेणू असतात. रंगावर मात्र फार विसंबू नये. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला बिनवासाचा लाल रंग दिला होता. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनचेच शब्द वापरून केलं! म्हणून काही चाचण्यांत काळे पेले वापरतात.

रोटंडोन साठतो द्राक्षाच्या सालीत, आणि हवा थंड असेल तर जास्त. त्यामुळे मिरीचा जोर द्राक्षाच्या जातीबरोबर मुलखाचाही सुगावा देतो. युरोपात द्राक्षं शरदाच्या तोंडावर पिकतात. आपल्याकडे पावसाळा सरताना छाटणी होते आणि माल हिवाळा ओलांडून तयार होतो. छाटणीची वेळ, रात्रीचा गारवा, दुपारचं ऊन यांचा हिशेब साल ठेवत असते, आणि नाकाला तो वाचायला शिकवता येतं. सुरुवात घरच्या मिऱ्यांपासूनच करावी: चार दाणे ताजे कुटून हुंगावेत. मसाल्याच्या डब्याशेजारी वाढलेल्या माणसाची निम्मी तयारी आधीच झालेली असते.