गाडी खाली बसली की टायर का झिजतात?



हळदीची काढणी, शिजवणी आणि पॉलिश आटोपले की ऐन उन्हाळ्यात हिंगोली जिल्ह्यातील रस्त्यांवर पोत्यांनी भरलेल्या जीप आणि पिकअप गाड्यांची वर्दळ सुरू होते. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली वसमतची हळद याच गाड्यांतून बाजारात जाते. बाजाराच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचे पुढचे टायर जरा वाकून पाहावेत. काही टायर बाहेरून नवे दिसतात, पण आतल्या कडेला गुळगुळीत झालेले असतात, क्वचित तारही उघडी पडलेली असते. मालक टायरच्या कंपनीला दोष देतो आणि नवी जोडी घालतो. ती जोडीही तशीच झिजते. कारण दोष बहुधा टायरमध्ये नसतो, चाक ज्या कोनात उभे आहे त्यात असतो.

उंची बदलली की कोन बदलतो

मोटारीची पुढची चाके स्प्रिंग व आडव्या दांड्यांच्या आधाराने उभी असतात. कारखान्यात गाडीची एक उंची धरून चाकांचे कोन ठरविलेले असतात. स्प्रिंग थकून बसली, बुश झिजले किंवा हौसेने स्प्रिंग कापून गाडी खाली घेतली, तर या दांड्यांचा कल बदलतो. त्यामुळे दोन गोष्टी घडतात.

पहिली म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकतो. यास कॅम्बर बदलणे म्हणतात. वजन टायरच्या आतल्या कडेवर येते आणि तीच कड आधी झिजते.

दुसरी गोष्ट अधिक नुकसानीची. स्टेअरिंगचे टाय रॉड ओढले किंवा ढकलले जाऊन चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळतात. यास टो म्हणतात. नांगराचा फाळ तिरपा बसला की नांगर एका अंगाला ओढतो, तसाच हा प्रकार आहे. चाक पुढे फिरते, पण सोबत आडवे घासतही जाते.

याचा हिशेब सोपा आहे. टायरचा व्यास ६०० मि.मी. धरू. दोन्ही चाकांमधील अंतर पुढून आणि मागून मोजले असता ६ मि.मी.चा फरक आला, तर प्रत्येक चाक १ कि.मी. अंतरात सुमारे ५ मीटर आडवे घासले जाते. ५० कि.मी.च्या एका खेपेत हे घासणे २५० मीटर होते. मग टायर टिकणार कसा?

मागच्या पाट्यांचे काय?

पिकअपचा मागचा आख सहसा एकसंध असून पाट्यांवर बसविलेला असतो. पाटे दबले तरी मागची चाके आत झुकत नाहीत. परंतु मागची बाजू बसली की पुढची उचलली जाते व पुढच्या चाकांचे कोन बिघडतात. यावर पुष्कळ जण जादा पाटा टाकून घेतात. लक्षात ठेवा, पाटा वाढविल्याने टायरची ताकद वाढत नाही. टायर किती भार पेलू शकतो ते त्याच्या बाजूवर छापलेले असते. जादा भार, कमी हवा आणि मे महिन्याचे ऊन एकत्र आले की टायर आतून तापतो आणि भर रस्त्यात फुटतो. अशा वेळी गाडीत बहुधा आपलीच माणसे बसलेली असतात.

झीज वाचायला शिका

- मधला पट्टा झिजला : हवा जास्त.
- दोन्ही कडा झिजल्या : हवा कमी किंवा भार जास्त.
- फक्त आतली कड झिजली : गाडी खाली बसली आहे किंवा टो बिघडला आहे.
- टायरवर हात आडवा फिरविला असता एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखे लागते : टो बिघडला आहे.
- जागोजागी खड्डे पडले : शॉकअप निकामी किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडलेले.

काय करावे?

१. गाडी सपाट जागी रिकामी उभी करावी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजून वहीत लिहून ठेवावी. गाडी नवी असतानाच हे केल्यास उत्तम. दर हंगामापूर्वी पुन्हा मोजावे.

२. उंची कमी भरली किंवा डाव्या-उजव्या बाजूत फरक दिसला तर आधी स्प्रिंग, बुश व बॉल जॉइंट तपासून घ्यावेत. त्यानंतर अलाइनमेंट करावे व शेवटी नवे टायर घालावेत. हा क्रम उलटा केल्यास पैसे वाया जातात.

३. हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमधील हवा कमी करू नये.

४. टायरच्या खाचेत असलेल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मि.मी.पर्यंत झीज पोहोचली की टायर बदलावा. आतली कड अवश्य पाहावी.

५. स्प्रिंग कापून गाडी खाली घेऊ नये. कापलेली स्प्रिंग कडक होते आणि गाडीचा तळ खड्ड्यांत आपटतो. अलाइनमेंट करून टो पुष्कळदा सुधारता येतो, पण अनेक गाड्यांत कॅम्बर सुधारण्याची सोयच नसते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने फेरबदल करता येत नाहीत.

पिकावर कीड दिसली की आपण पान उलटून पाहतो. तसेच दर पंधरवड्यास टायरची आतली बाजूही पाहावी. पाच मिनिटांच्या या पाहणीने टायरचा खर्च वाचेल आणि माल व माणसे सुखरूप घरी येतील.