कुंड्यांतील मुंग्या

कुंड्यांतील मुंग्या : कुंड्या, पेट्या, डबे इत्यादींत लावलेल्या झाडांच्या मातीत वसाहत करणाऱ्या किंवा त्या झाडांवर अन्नासाठी ये-जा करणाऱ्या मुंग्या. कीटक वर्गाच्या हायमेनॉप्टेरा गणातील फॉर्मिसिडी कुलात मुंग्यांचा समावेश होतो. कुंडीतील मुंग्या झाडाची पाने वा मुळे क्वचितच खातात. त्यांचे वास्तव्य बहुधा दुसऱ्याच एखाद्या दोषाचे लक्षण असते. तो दोष शोधून दूर करणे हे नियंत्रणाचे मुख्य सूत्र होय.

मीरा-भाईंदर (जि. ठाणे) शहरातील बेव्हर्ली पार्कसारख्या बहुमजली वसाहतींत बागेसाठी जमीन नसल्याने तुळस, जास्वंद, गुलाब, मिरची, कढीलिंब ही झाडे सज्जांत व खिडक्यांच्या जाळ्यांत कुंड्यांमध्ये लावतात. भिंतीतील भेगा, नळ व तारा यांच्या आधाराने मुंग्या वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचतात. मातीबरोबर किंवा रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाबरोबरही त्या येतात. पावसाळ्यात जमिनीतील घरांत पाणी शिरले की, त्या कोरड्या जागेच्या शोधात निघतात. कोकण किनाऱ्यावरील घरांच्या आसपास भराभर वेडीवाकडी धावणारी वेडी मुंगी (पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस), गडद डोक्याची व फिकट उदराची अतिशय लहान मुंगी (टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम), दंश करणारी तांबडी मुंगी (सोलेनॉप्सिस जेमिनॅटा) आणि मोठा काळा मुंगळा (कँपोनोटस कॉम्प्रेसस) या जाती आढळतात.

कारणे : मुंग्या कुंडीकडे मुख्यत्वे दोन कारणांनी येतात. पहिले कारण कोरडी, भुसभुशीत माती हे होय. अशा मातीत बोगदे करणे सोपे जाते. बोगदे वाढले की, घातलेले पाणी मुळांना न मिळता तळाच्या छिद्रातून निघून जाते, मुळांभोवती पोकळी राहते व झाड कोमेजते. दुसरे कारण रसशोषक कीटक हे होय. पिठ्या ढेकूण, मावा व खवले कीटक झाडाचा रस शोषून गोड, चिकट स्राव बाहेर टाकतात. मुंग्या तो आवडीने खातात आणि मोबदल्यात या कीटकांचे भक्षक भुंगेरे व परजीवी गांधीलमाश्या यांना हुसकावून लावतात. पानांवर साचलेल्या स्रावावर काळी बुरशी वाढून प्रकाशसंश्लेषणास अडथळा येतो. म्हणून देठावर मुंग्यांची रांग दिसल्यास प्रथम पानांची खालची बाजू व कोवळे शेंडे तपासावेत.

नियंत्रण : रसशोषक कीटक आढळल्यास जास्त ग्रासलेले शेंडे छाटून टाकावेत. उरलेले कीटक पाण्याच्या जोरदार धारेने किंवा ओल्या फडक्याने काढावेत. त्यानंतर १ लि. पाण्यात सु. ५ मिलि. निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण मिसळून ते मिश्रण सायंकाळी फवारावे. गोड स्राव बंद झाला की, झाडावरील मुंग्यांची ये-जा बहुधा आपोआप कमी होते.

मातीतच वसाहत असल्यास कुंडी पाण्याच्या बादलीत मातीच्या पृष्ठभागापर्यंत सु. अर्धा तास बुडवून ठेवावी. मुंग्या अंडी व अळ्या घेऊन बाहेर पडतात. निवडुंगासारख्या, अति पाण्याने मुळे कुजणाऱ्या झाडांसाठी मात्र माती बदलणेच इष्ट. रांगेची वाट साबणाच्या पाण्याने पुसल्यास मुंग्यांनी सोडलेला गंधमार्ग नष्ट होतो. स्वयंपाकघरातील कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी युक्ती कुंड्यांनाही लागू पडते. परंतु साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडीस डासांची वाढ सु. आठवडाभरात पूर्ण होऊ शकते. म्हणून ते पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून ताटल्या घासाव्यात.

वसाहत मोठी असल्यास १०० मिलि. पाण्यात १० ग्रॅ. साखर व १ ग्रॅ. बोरिक अम्ल विरघळवून केलेले आमिष उपयोगी पडते. हे विष मंदगती असल्याने कामकरी मुंग्या ते वसाहतीत नेऊन राणीला व अळ्यांना भरवतात. अम्लाचे प्रमाण वाढविल्यास मुंग्या वाटेतच मरतात व राणी शाबूत राहते. आमिष छिद्रे पाडलेल्या झाकणाच्या डबीत, मुले व पाळीव प्राणी यांच्या आवाक्याबाहेर ठेवावे. ते मातीत ओतू नये. जास्त बोरॉन झाडांना अपायकारक असते.

विषारी भुकटीचा धोका : बेंझीन हेक्झाक्लोराइड हे कीटकनाशक ‘गॅमेक्झीन’ या नावाने एके काळी घरोघरी परिचित होते आणि मुंग्यांसाठी ते सर्रास टाकले जाई. ते माती व प्राण्यांची चरबी यांत दीर्घकाळ टिकून राहते. भारतात १९९७ मध्ये त्यावर बंदी आली. त्यातील प्रभावी घटक लिंडेन याच्या वापरावर २०१३ पासून बंदी आहे. आजची कीटकनाशके निराळी असली, तरी कुंडीच्या बाबतीत सावधगिरी आवश्यकच ठरते. तुळशीचे पान न शिजविता तोंडात टाकले जाते, कढीलिंब व मिरची थेट स्वयंपाकात जातात आणि सज्जा हीच घरातील मुलांची खेळण्याची जागा असते. म्हणून अशा झाडांच्या मातीत मुंग्यांची भुकटी किंवा विषारी खडूची पूड मिसळू नये.

मुंग्या मेलेले कीटक व इतर सेंद्रिय अवशेष वाहून नेतात, काही किडींच्या अळ्या व अंडी खातात आणि जमिनीत हवा खेळती ठेवतात. त्यामुळे झाड निरोगी असून केवळ चार-दोन मुंग्या दिसत असल्यास कोणताही उपाय करण्याचे कारण नसते.