मिरजेचा तंबोरा

रोहिणखेडसारख्या वऱ्हाडांतील गांवीं हरिनाम सप्ताह बसला, म्हणजे वीणा अहोरात्र उभी असते. एकाच्या गळ्यांतून ती दुसऱ्याच्या गळ्यांत जाते, पण जमिनीला टेंकत नाहीं. शहरांतील बैठकींत असाच मान तंबोऱ्याचा. मात्र श्रोते गायकाचें नांव विचारतात. तंबोरा कोणीं घडविला हें सहसा कोणी विचारीत नाहीं. महाराष्ट्रापुरतें तरी त्याचें उत्तर बहुधा एकच येईल : मिरज.

या धंद्याचा मूळपुरुष फरीदसाहेब हा जातीचा शिकलगार. तलवारी-भाल्यांना पाणी व धार देणें हा घराण्याचा उद्योग. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि हत्यारांचें काम ओसरत गेलें. मिरजेस पटवर्धनांचें संस्थान होतें व दरबारीं गवई येत; त्यांचीं बिघडलेलीं वाद्यें दुरुस्त करतां करतां १८५० च्या सुमारास फरीदसाहेबानें नवीं घडविण्यास आरंभ केला, असें सांगतात. पोलादावर चालणारी कानस तंबोऱ्याच्या घोडीवर चालूं लागली. हा पालट दिसतो तितका विचित्र नाहीं; दोन्ही कामांत खरी परीक्षा हाताच्या हलकेपणाचीच.

तें कसें, हें विलायती गिटारीशीं ताडून पाहिलें म्हणजे कळतें. गिटारीची तार अरुंद कडेवर टेंकते, म्हणून तिचा स्वर स्वच्छ उमटतो व लवकर विरतो. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित् उतरती असते. कंप पावणारी तार तिच्या पाठीस पुनःपुन्हा निसटता स्पर्श करिते आणि मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर जागे होतात. तारेखालीं सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा साधतात, हीच जवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं या घोडीवर निबंध प्रसिद्ध केला. जे उपस्वर रूढ नियमानें उमटूं नयेत, तेही येथें उमटतात असें त्यांनीं दाखविलें. मिरजेच्या कारागिरास तें कानानें ठाऊक होतें.

भोपळा मात्र कारागिराच्या हातचा नव्हे. तो कडू जातीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांतून येतो. वाळवून, कापून, भिजवून त्यास आकार देतात. दांडी तुणीच्या लांकडाची. पाऊस अवेळीं झाला कीं पीक नासतें, आणि खाण्याच्या उपयोगीं नसलेलें पीक कोणता शेतकरी हौसेनें लावील?

खांसाहेब अब्दुल करीम खां मिरजेस राहिले व १९३७ सालीं तेथेंच त्यांचें दफन झालें. वाद्य दुरुस्तींतही त्यांचा हात होता. असा जाणकार शेजारीं असल्यावर कारागिरास आळस परवडत नसे. २०२४ सालीं मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें नांवाचें रक्षण होईल; जवारीचें नाहीं. तारांच्या घर्षणानें घोडीवर चरे पडतात, ती पुन्हा घासावी लागते, आणि कानस किती फिरवावी याचें माप कोणत्याही पुस्तकांत नाहीं. विजेच्या तंबोऱ्यास ही दगदग नाहीं. म्हणून तो घरोघरीं शिरला आहे, आणि मिरजेंतील मुलगे वडिलांजवळ कानस घेऊन बसण्यापूर्वीं दोनदां विचार करितात.