झळीतून गारवा

नागपुरात नवतप्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारच्या हवेत ओलावा जवळजवळ नसतोच. सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. घाम दिसण्याआधीच उडून जातो, दोरीवरचे कपडे बघता बघता कडक होतात. हा कोरडेपणा आपल्याला नकोसा होतो. खिडकीतला लोखंडी कूलर मात्र त्याच्याच जिवावर चालतो, आणि याचं मला दर उन्हाळ्यात नव्याने नवल वाटतं.

कूलरच्या पोटात गारवा तयार करणारं यंत्र नसतंच. पंखा, टाकीतलं पाणी वर चढवणारा टिल्लू पंप आणि तीन बाजूंना ओल्या ताट्या, बस. पंखा बाहेरची झळ ताट्यांमधून ओढतो. ताटीतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्याच झळीतून काढून घेतं. ही उष्णता थोडीथोडकी नाही. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेतं, तेवढ्यात सात किलो बर्फ वितळेल! तासाला पाच लिटर पाणी उडालं, तर आत येणाऱ्या हवेतून एक टनाचा एसी काढतो जवळपास तेवढी उष्णता निघून जाते. नागपूरच्या पाण्याचा मोठा भाग पेंच नदीचा. म्हणजे तिच्यावरच्या तोतलाडोह धरणात साठलेला पाऊस मे महिन्यात आपल्या खिडकीत उडत असतो आणि खोली गार करतो. त्यासाठी वीज लागते ती फक्त पंख्याला आणि पंपाला, साधारण दोनशे वॅट.

हा गारवा कुठवर उतरू शकतो, हेही निसर्गाने ठरवून ठेवलंय. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला, तर ४५ अंशांच्या त्या कोरड्या दुपारी पारा २३ च्या आसपास थांबतो. त्याखाली कूलर जाऊ शकत नाही. चांगली भिजलेली ताटी त्या वाटेचा तीन-चतुर्थांश पल्ला गाठते, म्हणजे हवा २८-२९ अंशांना आत येते. पाण्याच्या जोरावर सोळा अंश कमी! आता जुलैतला दिवस घ्या: ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता. ओलं फडकं २८ वरच अडतं आणि कूलरच्या हाती जेमतेम तीन अंश लागतात.

म्हणूनच समोरची खिडकी उघडी हवी. गारवा निघून जाईल म्हणून आपण सगळं गच्च लावून घेतो आणि इथेच घात होतो. ओली झालेली हवा बाहेर पडली नाही तर नवी कोरडी हवा आत येणार कुठून? तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं, आणि दोष ताट्यांना जातो. एसीचं गणित नेमकं उलटं. तो आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, त्याला दारं-खिडक्या बंदच हव्यात. दोन्ही एकदम लावले तर कूलरने हवेत घातलेली वाफ एसीला परत पाणी करून काढावी लागते, आणि कूलरने वाचवलेली वीज तिथे खर्ची पडते.

ही विद्या चाकांवरही जुनीच आहे. १८७० च्या दशकात जी. आय. पी. रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारा वारा घेत. आज अमेरिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागांत कॅम्परच्या छतावर बसणारे छोटे कूलर मिळतात. ते गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालतात. छतावरच्या एसीला हजार-दीड हजार वॅट हवेत, म्हणजे जनरेटर नाहीतर मुक्कामाची वीजजोडणी आलीच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मे महिन्यात पेंचच्या जंगलाकडे निघणाऱ्या गाडीला छतावरचा कूलर किती शोभेल! गाडी झाडाच्या सावलीत लावायची, छत पांढरं ठेवायचं आणि मागची एक खिडकी चार बोटं उघडी.

पाणी उडतं, त्यातले क्षार मात्र उडत नाहीत. ते ताटीवर पांढरे साचतात आणि तिची भोकं बुजवतात. टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासली, तर क्षारही जातात आणि डेंग्यूच्या डासाची अंडीही. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: पाणी भरताना आधी प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. कूलरचा शॉक लागून विदर्भात माणसं जातात, आणि हे मरण टाळता येण्यासारखं असतं.

जूनच्या मध्यावर पाऊस लागला की पंप बंद करावा आणि नुसता पंखा चालू ठेवावा, कारण भिजलेल्या हवेत आणखी पाणी घालून काही साधत नाही. कॅम्परमध्ये असाल तर आता छतावरचा एसी लावायचा आणि ती मागची खिडकी घट्ट बंद करायची.