मागे फौज नसलेली फौजी गाडी

जोंगा घेऊन पेट्रोल पंपावर उभं राहिलं की शेजारचा स्कूटरवाला हमखास विचारतो, ‘कितना देती है?’ जोंगावाला आधी हसतो. मग कोणी खरं सांगतं, कोणी नुसतं मीटरकडे बोट दाखवतं. लिटरला चार किलोमीटर. हलक्या पायाने, सपाट रस्त्याने चालवली तर पाच. जबलपूरहून लखनादौन, सिवनीमार्गे नागपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका वेळच्या प्रवासाला सत्तर लिटर पेट्रोल, सात हजारांच्या वर रुपये. तेवढ्यात माणूस नागपूरला विमानाने जाईल, असं म्हणायची सोय नाही, कारण जोंगा घेणाऱ्याला नागपूरला पोहोचायचंच नसतं. त्याला जोंगातून जायचं असतं.

या गाडीचं नावच जबलपूरचं आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून ‘जोंगा’ झालं. ऐकताना आफ्रिकेतल्या एखाद्या नदीचं वाटतं, पण ते नर्मदाकाठचं आहे. 1904 साली इंग्रजांनी इथे गन कॅरेज फॅक्टरी काढली. सीमेपासून आणि समुद्रापासून लांब, देशाच्या मध्यावरची जागा तोफांचे गाडे बनवायला सोयीची होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि 1969 साली व्हेइकल फॅक्टरी. सेनेसाठी तीन गाड्या इथे तयार होत असत: जर्मन मान कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक, निस्सानचा ‘वन टन’ आणि निस्सानच्याच ‘पॅट्रोल’ या गाडीवरून केलेली जोंगा. जबलपुरातल्या रांझीच्या बाजूला सकाळी भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा फाटकातून आत जायचा. त्या लोंढ्यात मराठी घरंही बरीच होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून जबलपुरात मराठी बोललं जातंच.

मूळ निस्सान पॅट्रोलचं 60 क्रमांकाचं घराणं जपानात 1960 साली सुरू झालं. दोनच वर्षांनी, 1962 मध्ये, रेग स्प्रिग हा ऑस्ट्रेलियन भूशास्त्रज्ञ बायकोमुलांना घेऊन असल्याच गाडीने सिम्पसन वाळवंट ओलांडून गेला. त्याच्याआधी तिथून मोटार पार गेली नव्हती. जपानने हे मॉडेल 1980 साली बंद केलं. जबलपूरने मात्र 1999 पर्यंत चालवलं. एकोणीस वर्षं आपण एक अशी गाडी बनवत राहिलो, जिचा मूळ मालक तिला विसरला होता. याला कोणी मागासलेपण म्हणेल. सेनेच्या दृष्टीने यात एक शहाणपणही होतं: तोच पाना, तोच नट, तोच मेकॅनिक, मग ती गाडी राजस्थानात असो की लडाखमध्ये.

बॉनेटखाली सहा सिलिंडरचं 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन. आजची साधी छोटी मोटार हजार-बाराशे सीसीची असते, त्यावरून अंदाज यावा. हेच इंजिन वन टनातही बसे, म्हणून एकाचे सुटे भाग दुसऱ्याला चालत. पुढे-मागे स्प्रिंगचे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पॉवर स्टिअरिंग नाही, एसीचा तर प्रश्नच नाही. समोरची काच दुमडून बॉनेटवर आडवी पाडता येते. कॅनव्हासचा टप काढला की सगळी गाडी उघडी. टेहळणीला, रुग्ण न्यायला, दारूगोळा वाहायला, 106 मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ चढवायला, अशी अनेक कामं तिने केली. पिकअप म्हणायचंच तर वन टन हा खरा पिकअप. जोंगा ही त्याची धाकटी, चपळ बहीण.

सैन्याने वापरून कंडेम केलेल्या गाड्यांचे लिलाव होत आले. डेपोच्या आवारात रांगेने उभ्या असलेल्या गाड्या लॉटाने जायच्या. बोली लावणारे बहुतेक भंगारवाले, त्यातून एखादी धडधाकट निघाली तर ती मेकॅनिककडे आणि मेकॅनिककडून हौशी माणसाकडे. हरियाणातलं डबवाली जुन्या जीपा उभ्या करून देणाऱ्यांचं गाव म्हणून प्रसिद्ध आहे. बऱ्याच जोंगांनी तिकडून दुसरा जन्म घेतला. लिलावातून निघालेल्या गाडीला नव्याने आरटीओचं पासिंग करावं लागतं, म्हणून अशा गाडीच्या आरसीवर बनावटीचं वर्ष एक आणि नोंदणीचं वर्ष दुसरंच असतं. फौजी नंबरप्लेटवर बाणानंतर येणारे दोन आकडे हे तिचं सेनेत भरती झाल्याचं साल. जुनी प्लेट किंवा तिचा फोटो मिळाला तर तो सोडू नये.

2019 च्या ऑक्टोबरात महेंद्रसिंग धोनी रांचीच्या रस्त्यावर हिरव्या जोंगातून फिरताना दिसला. त्याच्या दोन-तीन महिने आधीच तो काश्मीरमध्ये आपल्या प्रादेशिक सेनेच्या पलटणीबरोबर राहून आला होता. त्या एका फोटोने जोंगाची किंमत आणि विक्रेत्यांचा भाव दोन्ही वाढवले. जी गाडी गल्लीत बारा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, तिच्या मालकाला अचानक कळलं की ती ‘व्हिंटेज’ आहे.

आता घ्यायची कशी, ते. पहिली गोष्ट, इंजिन थंड असताना जा. विक्रेत्याने आधीच चालू करून ठेवलेली गाडी म्हणजे नवरीचा मेकअप केलेला फोटो. थंड इंजिन चोक ओढून कसं उठतं, सहाही सिलिंडर एका लयीत येतात की एखादा लंगडतो, हे कानाला लगेच कळतं. चांगलं सहा सिलिंडरचं इंजिन शिलाईमशीनसारखं वाजतं. मोठं आहे, पण धडधडत नाही. मग गाडीखाली झोपा. अंगावर नवा हिरवा रंग सगळेच मारतात, चॅसिसच्या आतला गंज कोणी घासत नाही. पाट्यांची टोकं जिथे चॅसिसला जोडलेली असतात तिथे वेल्डिंगचे थर दिसले तर समजावं की कोणीतरी बरंच झाकलं आहे. चॅसिस नंबर आरसीशी ताडून घ्या. इथे आकडा हलला तर गाडी कितीही देखणी असो, परत फिरा.

चालवायला घेतली की पहिल्या ब्रेकला ती एका बाजूला ओढते का ते बघा. ड्रम ब्रेकची जुनी खोड आहे ती, दुरुस्त होते, पण ओढत असेल तर भाव कमी करण्याचं हे हक्काचं कारण आहे. फोर बाय फोरचा दांडा खरोखर पडतो का ते रस्त्यावर नाही, मातीत बघा. बरेच मालक वर्षानुवर्षं तो दांडा हलवत नाहीत, आणि न हलवलेला दांडा ऐन वेळी हलत नाही.

मे महिन्याच्या जबलपुरात जोंगाला आणखी एक आजार होतो. ऊन चाळीसच्या वर गेलं, गाडी चढावर अडकली, की पेट्रोलच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन दम सोडतं. यावर जुना इलाज असा की इंधनपंपावर ओलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडून पंधरा मिनिटं थांबायचं आणि तोवर गाडी बघायला जमलेल्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मला वाटतं, जोंगावाले इतके बोलके असतात त्याचं कारण ही पंधरा मिनिटं आहेत.

या सगळ्या तक्रारींचं मूळ गाडीच्या तब्येतीपेक्षा तिच्या वाढीत आहे. जोंगा फौजेसाठी बनली, आणि फौजेत गाडी कधी एकटी नसते. पेट्रोल सरकारी, मागे सेनेच्या दुरुस्ती शाखेचे, म्हणजे ईएमईचे कारागीर, ग्रीसची वेळ ठरलेली, सुटे भाग डेपोत. सिव्हिलमधल्या माणसाला गाडी मिळते, मागची फौज मिळत नाही. मग तोच ड्रायव्हर, तोच मेकॅनिक, तोच भांडारपाल. जोंगावर खूश असलेले जे मालक मी पाहिले, ते सगळे असे होते, ज्यांना रविवारी हात काळे करायला आवडतं. ज्यांना फक्त चालवायची असते, त्यांनी त्या पैशात इसुझूची व्ही-क्रॉस बघावी, 2016 पासून आपल्याकडे आहे, सेकंड हँड मिळते, एसी चालतो, बायको शेजारी बसते.

पेट्रोलच्या खर्चावर लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे डिझेल इंजिन. मूळ सहा सिलिंडरचं काढून टाकायचं आणि जुन्या ट्रकातलं किंवा आयात केलेल्या जपानी गाडीतलं डिझेल बसवायचं. कारखान्यानेही एकदा हाच मार्ग धरला होता. 1996 साली अशोक लेलँडचं हिनो डिझेल इंजिन घालून सर्वसामान्यांसाठी जोंगा बाजारात आली. किंमत इतकी होती की घेणारे मोजकेच निघाले. तोवर सेनेत मारुती जिप्सी रुळली होती, महिंद्राच्या जीपा होत्याच. 1999 ला जोंगा बंद झाली. व्हेइकल फॅक्टरी स्टॅलियन आणि टाटा ट्रकांकडे वळली, 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या तेव्हा तीही आर्मर्ड व्हेइकल्स निगमच्या छत्राखाली गेली.

डिझेल घातलेली जोंगा घेताना मात्र कागद नीट वाचा. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. तोंडी ‘सब हो जाता है’ म्हणणारा विक्रेता दोन वर्षांनी फोन उचलत नाही. 15 वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी फिटनेस आणि नूतनीकरण करावंच लागतं, आणि त्या वेळी खोट उघडी पडते.

तिकडे 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. मुख्य अट ही: गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, सांगाडा, इंजिन बदललेलं नको. त्यामुळे ज्यांनी वीस वर्षांपूर्वी सहा सिलिंडरचं इंजिन किलोच्या भावाने विकलं, तेच आता भंगारबाजारात तसलंच इंजिन शोधत फिरतात. पन्नास वर्षं मोजायची पहिल्या नोंदणीपासून. जोंगाची फौजेत गेलेली पंधरा-वीस वर्षं त्यात धरायची की नाही, हे आपल्या आरटीओत आधी विचारून घ्यावं, कारण तिथल्या दप्तरात तिचा जन्म लिलावानंतरचा असतो. आणि व्हीए नंबर मिळालाच, तर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरून आणायला, अशा ठरावीक कामांसाठीच बाहेर काढता येते. नर्मदेच्या वाळूत, भेडाघाटच्या मागच्या कच्च्या रस्त्याला, दांडा टाकून घालायला ती मोकळी नसते.