दोन प्रतींचा तंटा

संगणकावर लिहून जपून ठेवलेल्या मजकुरास फाईल म्हणतात. एकच यंत्र बिघडल्याने सारे काम अडू नये, म्हणून मोठ्या संस्था एका फाईलच्या प्रती अनेक संगणकांवर ठेवतात. अशी सेवा देणाऱ्या संगणकांना सर्व्हर हे नाव आहे. एका प्रतीत झालेला बदल इतर प्रतींपर्यंत पोचविणे हे त्यांचे नित्याचे काम होय.

परंतु दोन सर्व्हरांमधील दळणवळण काही काळ तुटले, तर काय होईल? समजा, शाळेच्या सहलीची यादी दोन सर्व्हरांवर आहे. या काळात एका गुरुजींनी पहिल्या प्रतीत रमेशचे नाव लिहिले आणि दुसऱ्या गुरुजींनी दुसऱ्या प्रतीत सलमाचे. दळणवळण पूर्ववत झाल्यावर दोन निराळ्या याद्या समोरासमोर आल्या. आता खरी कोणती?

'जी शेवटी बदलली ती खरी' हा नियम सोपा वाटतो. पण तो घातक आहे. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे ताजा बदलही जुना ठरू शकतो. घड्याळे जुळली, तरी एक यादी पुसली जाऊन एक नाव गळणारच आणि ते कोणाला कळणारही नाही. सहलीच्या दिवशी एक मूल मात्र फाटकापाशीच राहील!

लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९७८ साली दाखवून दिले, की घटनांचा क्रम लावण्यास घड्याळाची वेळच पाहिजे असे नाही. यंत्रांनी मोजणी ठेवली तरी पुष्कळ काम भागते. याच विचाराच्या आधारे पुढे प्रत्येक प्रतीसोबत बदलांची मोजणी ठेवण्याची रीत निघाली. आपल्या यादीत आरंभी पहिल्या सर्व्हरचे २ व दुसऱ्याचा १ बदल होता, असे धरू. नंतर पहिली प्रत ३ व १ सांगते, तर दुसरी २ व २. एका प्रतीचे दोन्ही आकडे दुसरीइतके किंवा अधिक असते, तर ती निःसंशय नवी ठरली असती. येथे तसे नाही. दोन्ही बदल एकमेकांच्या नकळत झाले, हे आकडेच सांगतात. म्हणून कोणतीही प्रत टाकून देता येत नाही.

मग तंटा मिटवावा कसा? यादीत दोन्ही नावे ठेवली की झाले. ॲमेझॉन या कंपनीने २००७ साली वर्णन केलेल्या 'डायनॅमो' या व्यवस्थेत ग्राहकाच्या खरेदीच्या याद्या अशाच एकत्र केल्या जात. घातलेली वस्तू त्यामुळे हरवत नसे. मात्र काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा उगवे. निबंधाचे तसे नाही. एकाच वाक्याची दोन रूपे यंत्राने जोडली, तर अर्थाचा अनर्थ होईल. अशा वेळी यंत्राने दोन्ही प्रती जपाव्या आणि निवड लेखकावर सोपवावी, हेच उचित. कारण उशिरा झालेला निर्णय सुधारता येतो. पुसलेले श्रम परत मिळत नाहीत.